इंग्रजी वाक्य ओळखायचं कसं? आधी बांधणी बघा, मग काम विचारा

मागे बसलेल्यांपर्यंत आवाज पोहोचतोय ना? छान.

आजचा विषय तसा शाळेतला आहे. वाक्यांचे प्रकार. सातवी-आठवीत आपण सगळ्यांनी पाठ केलेत, परीक्षेत दोन-चार गुण मिळवलेत आणि पेपर दिल्याबरोबर विसरलोत. मग आज पुन्हा कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी एक घरातली गोष्ट सांगतो.

आमच्या नात्यातल्या एक मावशी मुलीकडे परदेशात गेल्या होत्या. तिथे त्यांची एक छोटीशी शस्त्रक्रिया ठरली. भूल द्यायची, म्हणून रात्रीपासून उपाशी राहायला सांगितलेलं. मावशींनी अगदी पाण्याचा घोटही घेतला नाही. सकाळी नर्स आली आणि तिने विचारलं, "यू हॅवन्ट ईटन एनीथिंग, हॅव यू?" मावशींना प्रश्न पूर्ण कळला. काही खाल्लेलं नाही ना, असं ती विचारतेय. मावशी ठामपणे म्हणाल्या, "येस!" झालं. नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दिवशीची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. दुपारी मुलगी आली तेव्हा उलगडा झाला, पण तोवर वेळ गेलेली. मावशींना दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास.

आता सांगा, चूक कुठे झाली? शब्द सगळे माहीत होते. उच्चारही बरा होता. चूक झाली ती वाक्याची जात ओळखण्यात. ते वाक्य विधान होतं की प्रश्न? होकारार्थी की नकारार्थी? शेवटी आपण मावशींकडे परत येऊ. तोवर एवढंच लक्षात ठेवा, की वाक्याचा प्रकार ओळखणं हे केवळ गुणांपुरतं काम नाही.

दोन वेगळे प्रश्न

आपला गोंधळ मुळात का होतो? कारण "या वाक्याचा प्रकार कोणता?" या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. पहिला: हे वाक्य काय करतंय? सांगतंय, विचारतंय, करायला लावतंय, की आश्चर्य दाखवतंय? म्हणजे विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. इंग्रजीत असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, एक्सक्लमेटरी. दुसरा: हे वाक्य किती वाक्यांचं मिळून बनलंय? म्हणजे केवल, संयुक्त, मिश्र. इंग्रजीत सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स.

माणसाचा रक्तगट वेगळा आणि उंची वेगळी, तसंच हे. एकच वाक्य प्रश्नार्थी आणि मिश्र दोन्ही असू शकतं. म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायचे. आज आपण तेच करू.

शेवटचं चिन्ह झाकून बघा

शाळेत सोपी युक्ती सांगतात. शेवटी पूर्णविराम असेल तर विधान, प्रश्नचिन्ह असेल तर प्रश्न. युक्ती वाईट नाही. पण समोरचा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून प्रश्नचिन्ह बाहेर पडत नाही! म्हणून मी म्हणतो, शेवटचं चिन्ह बोटाने झाका आणि वाक्याची सुरुवात बघा. इंग्रजी आपली जात सुरुवातीलाच सांगते.

"शी इज कुकिंग." आधी कर्ता, मग सहायक क्रियापद. हे विधान. "इज शी कुकिंग?" दोघांनी जागा बदलल्या, प्रश्न झाला. इंग्रजीतल्या प्रश्नाचं सगळं रहस्य या अदलाबदलीत आहे. आणि जागा बदलायला सहायक क्रियापदच नसेल तर? "ही वर्क्स इन नाशिक." इथे नुसतं वर्क्स आहे. मग इंग्रजी एक शब्द भाड्याने आणते: "डज ही वर्क इन नाशिक?" ते डू, डज, डिड हे असे भाड्याचे शब्द आहेत. आणि डज आला की वर्क्समधला शेवटचा स त्याच्याकडे जातो, बरं का. म्हणून "डज ही वर्क्स" चूक.

आता आपल्या मराठीत बघा. "ती स्वयंपाक करतेय." "ती स्वयंपाक करतेय?" "ती स्वयंपाक करतेय का?" शब्दांचा क्रम तोच. आपण सूर बदलतो, नाहीतर शेवटी "का" लावतो. आपला प्रश्न वाक्याच्या शेपटीत असतो, इंग्रजीचा तोंडाशी. म्हणूनच आपल्याकडे हुशार माणसंही "व्हेअर यू आर गोइंग?" असं विचारतात. कारण मनात "तू कुठे चाललायस" असतं आणि त्यात काहीच उलटं होत नाही. इंग्रजीत उलटं करावं लागतं: "व्हेअर आर यू गोइंग?" अपवाद एकच लक्षात ठेवा. प्रश्नाचा शब्दच कर्ता असेल तर अदलाबदल नाही: "हू ब्रोक द ग्लास?"

आता गंमत बघा. "हाऊ टॉल इज ही?" आणि "हाऊ टॉल ही इज!" शब्द तेच, चारच्या चार. पहिल्यात इज आधी, म्हणून प्रश्न: तो किती उंच आहे? दुसऱ्यात ही आधी, म्हणून उद्गार: केवढा उंच आहे तो! हाऊने किंवा व्हॉटने सुरुवात झाली म्हणून प्रश्न, असं नाही. पुढे क्रम उलटा आहे की सरळ, ते बघायचं.

आज्ञार्थीची खूण काय? कर्ता गायब आणि क्रियापद मूळ रूपात. "क्लोज द डोअर." "बी केअरफुल." "डोन्ट टच इट." कोणाला सांगतोय ते उघड असतं, म्हणून यू बोलत नाहीत.

दोन सापळे सांगतो. पहिला: "आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज." यात व्हेअर आहे, पण हे विधान आहे. मला माहीत नाही, एवढंच मी सांगतोय. म्हणून आतला क्रमही सरळ राहतो. "आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह" चूक. दुसरा सापळा दहावीवाल्यांच्या ओळखीचा आहे: "नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द बॉइज रॅन आउट." इथे हॅड कर्त्याच्या आधी आलंय, तरी हा प्रश्न नाही. नो सूनर, नेव्हर, हार्डली असे नकाराच्या छटेचे शब्द वाक्याच्या तोंडाशी आणले, की जोर देण्यासाठी इंग्रजी विधानातही ही अदलाबदल करते.

एक रूप, दुसरं काम

आतापर्यंत बांधणी झाली. पण बांधणी कळली म्हणजे काम कळलं असं नाही. "कॅन यू क्लोज द विंडो?" बांधणी प्रश्नाची. पण कुणी असं म्हटल्यावर आपण "येस, आय कॅन" म्हणून बसून राहिलो तर? प्रश्नाच्या रूपातली ती विनंती आहे. मराठीत नाही का आपण म्हणत, "जरा खिडकी लावतोस का?"

हा फरक किती महाग पडू शकतो, त्याचं एक खरं उदाहरण सांगतो. इंग्लंडमधलं आहे. २ नोव्हेंबर १९५२. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचा भाग आहे. तिथल्या एका गोदामाच्या छपरावर दोन मुलं चोरीच्या इराद्याने चढली. १६ वर्षांचा ख्रिस्टोफर क्रेग आणि १९ वर्षांचा डेरेक बेंटली. पिस्तूल क्रेगकडे होतं. पोलीस आले, एका पोलिसाने बेंटलीला पकडलं. सरकार पक्षाचं म्हणणं असं, की तेव्हा बेंटली ओरडला, "लेट हिम हॅव इट, ख्रिस!" क्रेगने गोळी झाडली आणि तो पोलीस जखमी झाला. पुढे क्रेगच्याच गोळीने सिडनी माइल्स हा दुसरा पोलीस ठार झाला.

आता वाक्य बघा. लेटने सुरू होतंय, कर्ता नाही, आज्ञार्थी. इथपर्यंत वाद नाही. पण आज्ञा कसली? "दे त्याला ते", म्हणजे पिस्तूल पोलिसाच्या हवाली कर? की बोलीभाषेतल्यासारखं "हाण त्याला", म्हणजे गोळी घाल? रूप एक, कामं दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट. आपण असं काही बोललोच नाही, असं दोन्ही मुलांनी न्यायालयात सांगितलं. पण दोघेही दोषी ठरले. क्रेग १८ वर्षांखालचा असल्याने त्याला फाशी देता येत नव्हती. बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी झाली.

गोष्ट इथे संपत नाही. बेंटलीचा पोलिसांकडचा जबाब ५८२ शब्दांचा होता. पोलीस म्हणाले, आम्ही प्रश्न विचारलेच नाहीत, तो सांगत गेला आणि आम्ही उतरवून घेतलं. अनेक वर्षांनी माल्कम कोल्थर्ड या भाषाशास्त्रज्ञांनी तो जबाब तपासला. त्यांनी काय पाहिलं? वाक्यांचे प्रकार! त्या जबाबात बरीच नकारार्थी विधानं होती. हे मला माहीत नव्हतं, ते मी पाहिलं नाही, अशा धर्तीची. आता विचार करा. आपण आपणहून एखादा प्रसंग सांगतो तेव्हा जे घडलं ते सांगतो. जे घडलंच नाही ते सहसा कधी सांगतो? कुणी विचारलं तर. म्हणजे ती विधानं दिसायला विधानं, पण काम उत्तराचं. त्यांच्यामागचे प्रश्न जबाबातून गाळले गेले असावेत, असं कोल्थर्ड यांनी दाखवलं. १९९८ साली अपील न्यायालयाने बेंटलीची शिक्षा रद्द ठरवली. त्याचं मुख्य कारण, मूळ खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन न्याय्य नव्हतं, हे होतं. पण तोवर ४५ वर्षं उलटून गेली होती.

म्हणून सांगतो, आधी बांधणी ओळखा आणि मग लगेच विचारा, इथे हे वाक्य काम काय करतंय?

क्रियापदं मोजा

आता दुसरा प्रश्न. केवल, संयुक्त, मिश्र. "रेन अँड मार्टिन"चं व्याकरण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यातले रेनसाहेब त्या काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि १९२४ साली "बो जेस्ट" ही गाजलेली साहसकथा लिहिणारे तेच. अशा पुस्तकांतून आपण व्याख्या पाठ करतो. पण व्याख्या पाठ असून वाक्य ओळखता येत नाही, कारण आपण लांबी बघतो. लांब दिसलं की मिश्र!

हे ऐका: "आफ्टर अ लाँग अँड टायरिंग जर्नी फ्रॉम सोलापूर टू पुणे, द ओल्ड मॅन अँड हिज टू ग्रँडसन्स स्लेप्ट ऑन द फ्लोअर." केवढं लांब! पण काळ दाखवणारं क्रियापद किती? एकच: स्लेप्ट. म्हणून हे केवल वाक्य. आणि दुसरं: "आय नो ही लाइड." चार शब्द. पण नो आणि लाइड, दोन क्रियापदं, प्रत्येकाचा कर्ता वेगळा. मध्ये दॅट लपलाय. मला माहीत आहे, की तो खोटं बोलला. हे मिश्र वाक्य.

तेव्हा नियम असा. काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. टू गो, टू ईट अशी टू लावलेली रूपं मोजायची नाहीत. नुसतं आयएनजी लावलेलं रूपही नाही. इज गोइंग असेल तर मात्र इज काळ दाखवतो, म्हणून ते मिळून एक. मोजणी एकवर थांबली तर केवल.

दोन किंवा जास्त निघाली तर पुढचा प्रश्न: जोडलंय कशाने? अँड, बट, ऑर, सो यांनी जोडलं तर दोन्ही वाक्यं बरोबरीची, म्हणजे संयुक्त. इफ, व्हेन, बिकॉज, ऑल्दो, दॅट, हू, विच अशांनी जोडलं तर एक मुख्य आणि एक त्याच्यावर अवलंबून, म्हणजे मिश्र. शब्दांची यादी पाठ नसेल तर एक कसोटी सांगतो. जोडशब्दासकट तो भाग उचलून सुरुवातीला ठेवून बघा. "वी स्टेड होम बिकॉज इट वॉज रेनिंग." उचला: "बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम." चाललं! मिश्र. आता "इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट." उचला: "बट वी वेंट आउट, इट वॉज रेनिंग." कानाला लगेच खटकतं. संयुक्त. हू, विच आणि दॅटच्या वाक्यांना मात्र ही कसोटी लावू नका. ती सहसा आपल्या जागेवरून हलत नाहीत.

इथे एका ताईंची चिठ्ठी आलीय. "ही केम होम अँड स्लेप्ट" हे केवल की संयुक्त? चांगला प्रश्न आहे. क्रियापदं दोन, कर्ता एक. काही पुस्तकं म्हणतात, दुसरा ही गाळलाय, म्हणून संयुक्त. काही म्हणतात, कर्ता एकच, म्हणून केवल. परीक्षा असेल तर आपल्या नेमलेल्या पुस्तकाप्रमाणे लिहा. पण मिश्र कुणीच म्हणणार नाही, हे नक्की. कारण दोन्ही कामं बरोबरीची आहेत.

आता आपली खास मराठी चूक. आपण म्हणतो, "जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो." जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. आपले जोडशब्द जोडीने येतात. मग आपण इंग्रजीतही जोडी जमवतो: "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट." चूक का? ऑल्दोने मिश्र वाक्य केलं, बटने संयुक्त. एकाच जोडासाठी दोन खिळे. इंग्रजीला एक पुरतो.

आणि एक शब्द जपून वाचा: अनलेस. "द अमाउंट विल नॉट बी रिफंडेड अनलेस यू अप्लाय विदिन थर्टी डेज." अनलेसच्या पोटातच "नाही" आहे. तीस दिवसांत अर्ज केला नाहीत, तर पैसे परत नाहीत. म्हणून "अनलेस यू डोन्ट अप्लाय" असं लिहिलं की अर्थ उलटा होतो. करारपत्रात, विम्याच्या कागदात, भाड्याच्या कागदात खरी अट बहुतेक वेळा अशा गौण वाक्यात बसलेली असते. मुख्य वाक्य वाचून सही करायची नाही. इफ, अनलेस, प्रोव्हायडेड दॅट कुठे आहे ते शोधायचं आणि तिथे बोट ठेवून पुन्हा वाचायचं.

अजून एक. "ही डिड नॉट मॅरी हर बिकॉज शी वॉज रिच." लग्न झालं की नाही? ती श्रीमंत होती, म्हणून त्याने लग्न केलं नाही? की लग्न केलं, पण ते तिच्या पैशासाठी नव्हे? दोन्ही अर्थ निघतात. पहिल्यात नॉट फक्त मुख्य वाक्याचा आहे, दुसऱ्यात त्याची पोहोच बिकॉजपर्यंत जाते. असं वाक्य आपण स्वतः लिहीत असू, तर बिकॉजचा भाग आधी घ्यावा. संशय मिटतो.

परत मावशींकडे

आता मावशींचं वाक्य घेऊ. "यू हॅवन्ट ईटन एनीथिंग, हॅव यू?" पहिला भाग: यू आधी, हॅवन्ट नंतर. म्हणजे नकारार्थी विधान. शेवटी हॅव आधी, यू नंतर. छोटासा प्रश्न, शेपटीला बांधलेला. म्हणजे रूप विधान अधिक प्रश्न, काम खात्री करून घेण्याचं.

उत्तर कसं द्यायचं? मराठीत आपलं हो-नाही समोरच्या माणसाला असतं. "खाल्लं नाहीस ना?" "हो." म्हणजे, तू म्हणतोस ते बरोबर. इंग्रजीत येस-नो समोरच्याला नसतं, आपल्या पुढच्या वाक्याला असतं. पुढचं वाक्य होकारार्थी असेल तर येस: "येस, आय हॅव." नकारार्थी असेल तर नो: "नो, आय हॅवन्ट." समोरच्याने कसंही विचारू दे. मावशींनी काही खाल्लं नव्हतं, म्हणजे उत्तर नो. आणि मी तर म्हणतो, दवाखान्यात, बँकेत, मुलाखतीत नुसतं येस किंवा नो म्हणून थांबूच नका. पूर्ण वाक्य बोला: "नो, आय हॅवन्ट ईटन एनीथिंग." मग कोणाचाच गोंधळ होत नाही.

घरी जाऊन एक करा. मोबाइलवर बँकेचा किंवा विमा कंपनीचा एखादा इंग्रजी संदेश आला असेल, तो उघडा. त्यातल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. कर्ता आधी की सहायक क्रियापद? काळ दाखवणारी क्रियापदं किती, आणि जोडलीत कशाने? आणि हे वाक्य माझ्याकडून नेमकं काय मागतंय? आठ दिवस रोज पाच वाक्यं. नववीतल्या मुलालाही सोबत घ्या, त्याचा अभ्यास होईल.

मावशींचं विचाराल, तर शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी व्यवस्थित झाली. तेव्हापासून त्या मराठीतही पूर्ण वाक्यात उत्तर देतात. "चहा घेणार नाही ना?" असं विचारलं, की म्हणतात, "नाही, मी चहा घेणार आहे."